स्लाइम मोल्डची वाढ स्कॅनरवर मोजताना

साताऱ्यात पाऊस एकदा लागला की यवतेश्वरच्या वाटेवर जे कुजके ओंडके पडलेले असतात त्यांच्यावर काय काय उगवलंय ते बघायला मी पोरांना दरवर्षी पिटाळते. एका जुलैत टी.वाय.चे दोघं, एक मुलगी आणि एक मुलगा, डब्यात पिवळाजर्द लगदा घेऊन आले, फेटलेलं अंडं ओतल्यासारखा, आणि म्हणाले मॅडम ही कसली बुरशी. बुरशी नाहीच ती, स्लाइम मोल्ड आहे. नावात मोल्ड आहे म्हणून सगळे बुरशीत टाकतात पण हा नात्याने अमिबाच्या जवळचा, आणि तो अख्खा लगदा म्हणजे एकच पेशी असते, आत असंख्य केंद्रकं आणि त्यांच्यामधे एकही भिंत नाही. हे ऐकल्यावर मुलगी त्या डब्यावरून उठेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर लगदा गायब, वर खडूसारखी ठिसूळ कवची आणि आत तपकिरी भुकटी. रात्रीत बीजाणू करून टाकले त्याने. दोघांचे चेहरे पडले, कारण त्यांना आता याच्यावरच प्रोजेक्ट करायचा होता. त्यांनी तो जपानमधला प्रयोग बघितलेला, 2010 सालचा, टोकियो आणि आसपासची शहरं म्हणून 36 ठिकाणी ओट्स ठेवले आणि मोल्डने साधारण एका दिवसात जे जाळं विणलं ते तिथल्या खऱ्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं निघालं. यांना तेच सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांवर करायचं होतं, वाई, कराड, फलटण, दहिवडी सगळीकडे एकेक ओट. मी म्हटलं करू की, पण त्याच्या आधी एक साधी गोष्ट, हा जीव तासाला किती वाढतो ते आपल्याला आकड्यात सांगता आलं पाहिजे. त्या साध्या गोष्टीलाच ऑगस्ट ते डिसेंबर गेले, आणि ते कसे गेले ते लिहायला बसलेय.

जंगलातला मोल्ड लॅबमधे टिकवणं अवघड, म्हणून ओळखीच्या एका संशोधकाकडून फायसॅरम पॉलिसेफॅलम मागवला. जगभर प्रयोगांना हाच वापरतात. आला तो पाकिटातून, फिल्टर पेपरच्या तुकड्यावर सुकलेला नारिंगी खपला, याला स्क्लेरोशियम म्हणतात, पाणी नसलं की मोल्ड असा सुकून झोपतो. दीड टक्का आगरच्या (समुद्री शेवाळातून काढलेली जेली) प्लेटवर तो तुकडा ठेवला, वर पाण्याचे दोन थेंब, काळ्या कागदात गुंडाळून 25 डिग्रीला इन्क्युबेटरमधे. दुसऱ्या दिवशी खपल्याच्या कडेने पिवळी झालर फुटलेली. लॅबचे मामा चाळीस वर्षं त्या लॅबमधे आहेत, त्यांनीपण येऊन बघितलं आणि म्हणाले, मॅडम हे जिवंत झालं की.

ओट्सचं एक सांगते कारण बाकी कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. साधेच घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा घाईत मसाला ओट्स आले आणि मोल्ड त्याच्या जवळ जाऊन चक्क वळून परत गेला, तीनदा बघितलं. मिठापासून तो लांब पळतो.

आता मोजणी. पहिले दोन आठवडे मोबाईलवर. स्टँडला मोबाईल लावला, खाली प्लेट, शेजारी पट्टी, दर तासाला एक फोटो. मग ते फोटो इमेज-जे मधे घ्यायचे. हे अमेरिकेतल्या एन.आय.एच. या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत वेन रॅसबँड यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, 1997 पासून फुकट मिळतं आणि आमच्या लॅबच्या जुनाट पीसीवरही चालतं, याबद्दल मला खरंच फार कृतज्ञता वाटते. कारण तालुक्याच्या कॉलेजला लाखाचं सॉफ्टवेअर कोण घेऊन देणार. काम तसं सरळ आहे, पट्टीवरून सांगायचं की इतके पिक्सेल म्हणजे एक मिलीमीटर, मग थ्रेशोल्ड लावायचा म्हणजे अमुक एवढ्या रंगाच्या पुढचे पिक्सेल मोल्ड आणि अलीकडचे आगर, आणि मग मोल्डचे पिक्सेल मोजायचे.

पण आकडे उड्या मारायला लागले. 3 वाजता क्षेत्रफळ वाढलेलं, 4 ला कमी, 5 ला एकदम दीडपट, आणि डोळ्यांना तर मोल्ड सरळ पसरताना दिसतोय. दोन दिवस डोकं खाल्लं त्याने. शेवटी मुलाने सगळे फोटो एका ओळीत लावले तेव्हा दिसलं, आगरचाच रंग प्रत्येक फोटोत वेगळा, कधी निळसर कधी तांबूस. मोबाईल आपल्या मनाने फोटो सुधारत होता, पिवळं जास्त दिसलं की व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बदलत होता, आणि पिवळं तर तासातासाला वाढतच होतं. म्हणजे ज्या गोष्टीची वाढ मोजायची तीच गोष्ट मोजपट्टी वाकवत होती. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक केल्यावर उड्या थांबल्या.

मग रात्रीचा प्रश्न आला. पांढरा उजेड, त्यातही निळा भाग, मोल्डला नको असतो, तो अंधाराकडे सरकतो, म्हणून रात्री लाल बल्ब लावला, फोटोग्राफीच्या जुन्या डार्करूममधे असतो तसा. सकाळी फोटो बघितले तर मोल्ड दिसेचना! प्लेटवर होता, फोटोत नव्हता. फळ्यावर काढल्यावर पोरांना लगेच कळलं, पिवळी वस्तू लाल आणि हिरवा उजेड परत फेकते आणि निळा खाते, म्हणून पिवळा आणि पांढरा यातला सगळा फरक निळ्यातच असतो, आणि लाल उजेडात निळं काहीच नाही. जो उजेड मोल्डला चालतो त्यात तो दिसत नाही, आणि ज्यात दिसतो तो त्याला चालत नाही. मधला मार्ग म्हणजे पूर्ण अंधार आणि ठरलेल्या वेळी अगदी थोडे सेकंद पांढरा उजेड.

आणि इथेच स्कॅनर सुचला. स्कॅनरचा दिवा स्वतःच येतो आणि जातो, उजेड दरवेळी तोच, काचेपासूनचं अंतर तेच, पट्टीची गरज नाही कारण 300 डीपीआय म्हणजे इंचाला 300 पिक्सेल, मिलीमीटरला साधारण 11.8, एक चौरस मिलीमीटरमधे साधारण 140 पिक्सेल. ए-फोर काचेवर 90 मिमीच्या सहा प्लेटा बसतात. ऑफिसमधला पातळ यूएसबीवाला स्कॅनर मागून आणला, प्लेटा ठेवल्या, आणि सगळं धुरकट. कागद ठेवला तर अक्षर न् अक्षर स्पष्ट आणि प्लेट ठेवली की धुकं. कारण समजायला एक आठवडा गेला, हे पातळ स्कॅनर काचेला चिकटलेलीच वस्तू स्पष्ट बघतात आणि आमचा मोल्ड तर आगरच्या वरच्या अंगावर, काचेपासून चार-पाच मिलीमीटर उंच. जुन्या जाडजूड स्कॅनरमधे आरसे, लेन्स आणि सीसीडी सेन्सर असतो, त्याला खोली पण दिसते. तसला एक पुण्यात जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात साडेसहाशे रुपयाला मिळाला, मुलगा एसटीने मांडीवर घेऊन आला.

पहिला स्कॅन उघडला तो क्षण मला आत्तापण डोळ्यासमोर आहे. खालून बघितलेला मोल्ड, पंख्यासारखी पसरलेली पुढची कड, कडेला दाट पिवळा, मागे जाळी, जाळीच्या शिरा एकमेकींत मिसळत जाड होत होत मागच्या ओटपर्यंत गेलेल्या. मोठं करून बघितलं तर कडेच्या बारीक बोटांमधली फटसुद्धा दिसत होती. त्याच दुपारी तीच प्लेट मायक्रोस्कोपखाली घेतली, 10 च्या लेन्सवर, एका शिरेवर फोकस केला. आत कण वाहतायत, नदीला पूर आल्यासारखे एका दिशेने, मग हळू होतात, थांबतात, क्षणभर सगळं स्तब्ध, आणि उलट्या दिशेने वाहायला लागतात. मिनीट-दीड मिनीटाने परत तेच. मुलगी घड्याळ लावून बसली आणि तिने सलग वीस वेळा मोजलं, जेवायला सुद्धा गेली नाही. आमच्या 15 मिनिटाच्या स्कॅनमधे यातलं काहीही येत नाही, हे तिने वहीत स्वतःहून लिहिलं, मला ते फार आवडलं.

15 मिनिटं हा आकडा पण भांडून ठरलाय. आधी दर 5 मिनिटाला स्कॅन लावला होता तर काच कोमट व्हायला लागली, आगर सुकायला लागलं, झाकणावर पाण्याचे थेंब. 15 वर आणल्यावर काच थंड राहिली. आणि दिव्याचा उजेड त्याला त्रास देतोय का हे कळायला एका प्लेटला खालून काळा कागद लावून ठेवला, फक्त सुरुवातीला आणि 24 तासांनी काढायचा. ती झाकलेली प्लेट तिन्ही वेळा थोडी जास्त पसरली. म्हणजे त्रास होतो, थोडा होतो, पण सगळ्या प्लेटांना सारखाच होतो, म्हणून आम्ही तो मान्य करून रिपोर्टात लिहिला.

फाईली कधीही जेपेग ठेवू नका. सुरुवातीला जागा वाचवायला आम्ही 600 डीपीआयचे स्कॅन जेपेगमधे ठेवले, कारण टिफमधे, ज्यात काहीच माहिती गाळली जात नाही, एक स्कॅन 100 एमबीच्या वर जायचा आणि तीन दिवसांचे 288 स्कॅन म्हणजे त्या पीसीची डिस्कच संपायची. पण जेपेग रंगाची माहिती सर्वात आधी फेकून देतो आणि आम्हाला तर रंगच हवा होता, मोल्डची कड चौकटीचौकटीची दिसायला लागली. 300 डीपीआय आणि टिफ, यावर शेवटी आलो, एक स्कॅन 26 एमबी.

ओट्स वेगळे काढणं हे सगळ्यात चिवट काम निघालं. ओट फिका पिवळसर, मोल्ड गडद पिवळा, निळ्या चॅनेलमधे, म्हणजे स्कॅनमधला फक्त निळा भाग वेगळा काढला तर, दोघंही पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळपट दिसतात आणि सॉफ्टवेअर ओटला मोल्ड धरतं. हाताने ओट खोडत बसलो तर ओटवर चढलेला मोल्डपण खोडला जातो. मग शिंप्याकडून काळ्या मखमलीचा तुकडा आणला, प्लेटांवर तो झाकला, मखमल कारण ती चमकत नाही, आणि स्कॅनचे तीन चॅनेल वेगळे करून लालमधून निळा वजा केला. काळ्या मखमलीपुढे ओट तिन्हीत उजळ, म्हणून वजाबाकीत जवळजवळ नाहीसा. झाकणावरचे थेंब पांढरट, तेपण गेले. मोल्ड लालमधे उजळ आणि निळ्यात काळा, तो एकटा लख्ख उरला. ती वजाबाकीची इमेज स्क्रीनवर आली तेव्हा आम्ही तिघं एकदम ओरडलो, शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून सर बघायला आले.

थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा हा मात्र वजाबाकीने सुटत नाही. इमेज-जे मधे आपोआप ठरवायच्या पद्धती आहेत, ओत्सूची पद्धत सगळे वापरतात, 1979 ची, ती इमेजमधल्या पिक्सेलचे दोन गट पाडते. पण पहिल्या दोन तासात मोल्ड एवढासा असतो, दुसरा गट जवळजवळ नसतोच, तेव्हा ती पद्धत आगरमधल्याच सावल्यांचे दोन गट पाडून देते आणि अख्खी प्लेट मोल्ड म्हणून रंगवते. म्हणून आम्ही एकच आकडा ठरवून सगळ्या 288 स्कॅनना लावला.

तो आकडा बरोबर कशावरून? इथे मी पोरांना शाळेत नेलं. सहा स्कॅन प्रिंट काढले, खऱ्या मापाचे, वर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने मोल्डची कड गिरवली, मग तो आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजले, अर्ध्याहून जास्त भरला तर एक धरायचा, कमी असला तर सोडून द्यायचा, चौथी-पाचवीत आपण सगळ्यांनी केलंय तसंच. एका प्लेटला हाताने 1,180 चौरस मिमी आले आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं 1,640. एवढा फरक! दोन्ही एकावर एक ठेवून बघितलं तर जादाचा भाग सगळा मोल्डच्या मागे, जिथून तो निघून गेलेला. मोल्ड चालताना मागे एक पातळ पारदर्शक चिकट थर सोडतो, अगदी फिका पिवळट, आणि आमचा थ्रेशोल्ड त्यालापण मोल्ड धरत होता. गंमत म्हणजे 2012 मधे सिडनीतल्या संशोधकांनी दाखवलंय की हा थर मोल्डची एक प्रकारची आठवण आहे, मेंदू नसताना सुद्धा, इथे आपण येऊन गेलोय हे त्याला थरावरून कळतं आणि तो तिकडे परत जायचं टाळतो. म्हणजे सॉफ्टवेअर जिथे मोल्ड आहे म्हणत होतं नेमकं तिथेच जायचं तो टाळत होता. थ्रेशोल्ड वर सरकवला, 1,230 च्या आसपास आला, सहाही प्लेटांना हाताशी पाच टक्क्यांच्या आत जुळला. फिका थर आम्ही टाकून नाही दिला, त्याचा वेगळा दुसरा थ्रेशोल्ड ठेवला, एक आकडा मोल्ड आत्ता किती जागेवर आहे त्याचा आणि दुसरा आजपर्यंत किती जागा फिरून झाली त्याचा.

मधे एका रात्री लाईट गेली आणि स्कॅनिंग बंद पडलं, दोन वेळा हिरवी बुरशी आली आणि प्लेटा टाकल्या, ते सगळ्या लॅबमधे होतं. पण ऑक्टोबरमधली एक सकाळ वेगळी. तीन नंबरच्या प्लेटचं क्षेत्रफळ पहाटे तीनपासून कमी कमी होत सातला जवळजवळ शून्य. मुलगी रडवेली, मॅडम मेला. मी मखमल उचलली. झाकण आणि प्लेटच्या मधल्या फटीतून पिवळी दोरी बाहेर आलेली, काचेवरून चार नंबरच्या प्लेटपर्यंत गेलेली आणि तिच्या झाकणाखाली शिरून ओटवर चढलेली. चार नंबरचा आलेख बघितला तर पहाटे पाचपासून त्यात उडी होतीच, आमच्या लक्षात आली नव्हती. तेव्हापासून प्लेटांच्या कडेला पॅराफिल्म, म्हणजे ताणून चिकटवायची मेणचट पट्टी, हवेला जरा फट ठेवून, आणि दोघांना एक सवय लागली, आलेखात काहीही वेगळं दिसलं की आधी त्या वेळेचा स्कॅन उघडायचा.

आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते आता. नोव्हेंबरमधे सगळं बसल्यावर आम्ही खरी तुलना लावली, तीन प्लेटा नुसत्या आगरच्या, तीन ओट्सवाल्या, सगळ्यांत सारखाच एक सेंटिमीटरचा मोल्डचा तुकडा. 24 तासांनी आलेख काढला तर उपाशी प्लेटांमधला मोल्ड जास्त "वाढलेला", तिन्हीत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलाने निष्कर्ष लिहूनपण टाकला होता, अन्न नसताना वाढ जलद होते. मी त्याला म्हटलं अरे, खायला काही नाही आणि अंगात भर कुठून येईल? गप्प बसला. मग आम्ही सहाही प्लेटा उघडून नुसत्या डोळ्यांनी बघितल्या. उपाशी मोल्ड कागदासारखा पातळ, लांबच लांब, बारीक शिरा, सगळीकडे शोधत निघालेला. खाल्लेला मोल्ड ओट्सभोवती बसलेला, जाड, गर्द, साईसारखा. चार महिने आम्ही पसरणं मोजत होतो आणि त्याला वाढ म्हणत होतो.

पिक्सेल मोजणं चुकलेलं नव्हतं. क्षेत्रफळ अगदी बरोबर होतं. पण क्षेत्रफळ म्हणजे वाढ हे आम्ही कुणाला न विचारता गृहीत धरलं होतं, आणि कितीतरी प्रोजेक्ट रिपोर्टांत मी हे बघितलंय, बुरशीच्या वसाहतीचा व्यास मोजला की झाली वाढ. म्हणून मग दोन गोष्टी केल्या. एक, मोल्डचे पिक्सेल नुसते मोजायचे नाहीत तर प्रत्येक किती पिवळा आहे त्याची बेरीज करायची, जाड तिथे गर्द, त्यामुळे जाडी थोडीफार पकडली जाते. या आकड्याने क्रम उलटला, ओट्सवाले वर आले, पण एका मर्यादेनंतर कितीही जाड झाला तरी तितकाच पिवळा दिसतो. दोन, खरवडून वजन. प्रयोग संपल्यावर ओटला न लागलेला मोल्ड स्पॅच्युलाने हलकेच काढायचा, फॉइलवर घेऊन ओव्हनला 60 डिग्रीला रात्रभर सुकवायचा आणि चार दशांशाच्या काट्यावर तोलायचा. काही मिलीग्रॅमच भरतं, श्वास लागला तरी काटा हलतो, मुलगी नाकाला रुमाल बांधून वजन करायची. ओट्सच्या प्लेटांचं वजन तिन्ही वेळा स्पष्ट जास्त निघालं, ओटवर चढलेला भाग सोडून सुद्धा.

रिपोर्टात शेवटी चार वेगळे रकाने गेले, व्यापलेली जागा, फिरून झालेली जागा, पुढची कड तासाला किती मिलीमीटर सरकली, आणि सुकं वजन. कडेचा वेग चांगल्या रात्री तासाला 5 ते 8 मिमी येत होता. "वाढ" हा शब्द फक्त वजनाच्या रकान्याला ठेवला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मुलाला विचारलं की एवढे चार कशाला, एकच आकडा सांग ना किती वाढला, तर तो म्हणाला सर तुम्हाला पसरलेला हवाय का भरलेला, आणि लॅपटॉपवर उपाशी प्लेटचा स्कॅन उघडून त्यांच्यापुढे केला. सर दहा मिनिटं तिथेच उभे होते.

दोघं आता पास होऊन गेले, मुलगी पुण्याला एम.एस्सी.ला आहे. जाताना शेवटच्या प्लेटवर तिने ओला फिल्टर पेपर ठेवला, मोल्ड त्याच्यावर चढू दिला, मग झाकण थोडं उघडं ठेवून तीन-चार दिवस अंधारात हळूहळू सुकवला. पाकिटावर तारीख टाकलीय आणि खाली "मॅडम, साधे ओट्स". माझ्या कपाटात आहे ते. या जूनमधे पाण्याचे दोन थेंब टाकायचेत, नवे टी.वाय.चे तिघं आत्तापासून विचारतायत, आणि अकरा तालुक्यांचा नकाशा एकाने आगरच्या ट्रेच्या मापाने कापूनसुद्धा ठेवलाय.